गदा जड, पदक हलकं

ऑलिंपिकमध्ये भारताला आजवर कुस्तीत आठ पदकं मिळाली. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधव, २००८ आणि २०१२ ला सुशील कुमार, २०१२ लाच योगेश्वर दत्त, २०१६ ला साक्षी मलिक, टोकियोत रवी दहिया आणि बजरंग पुनिया, २०२४ ला पॅरिसमध्ये अमन सेहरावत. या सात जणांपैकी ६६ किलोच्या वरच्या गटात एकही जण लढलेला नाही. आणि महाराष्ट्रातल्या पोराला लहानपणापासून जिचं स्वप्न दाखवलं जातं, ती महाराष्ट्र केसरीची गदा ८६ ते १२५ किलोच्या गटातच मिळते.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, लातूर, बीड या पट्ट्यातल्या खेड्यापाड्यांतून दरवर्षी शेकडो पोरं तालमीत येतात. त्यांच्या कारकिर्दीचं बरंचसं भवितव्य या दोन वजनांच्या मधल्या अंतरात ठरतं. पैलवानावर आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुधा दोन टोकांचं. एक तर गदा खांद्यावर घेतलेला विजेता, नाही तर उतारवयात हलाखीत दिवस काढणारा जुना मल्ल. मधला रस्ता कसा आहे, त्यावर पैसा कुठून येतो आणि पोरगं कुठल्या वळणावर अडकतं, हे पाहिल्याशिवाय ही दोन्ही टोकं नीट समजत नाहीत.

हौदातली शाळा

सुरुवात बहुतेकदा घरातूनच होते. आजा किंवा चुलता कधीकाळी लंगोट लावलेला असतो. आठव्या-दहाव्या वर्षी पोरगं गावच्या तालमीत जायला लागतं आणि जत्रेत रेवड्यांवर, नारळावर, मग दहा-वीस रुपयांवर लढतं. चपळ निघालं की वस्ताद बापाला बोलावून सांगतात, "ह्याला आता कोल्हापूरला ठेवा." गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही तालमींची नावं तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. अलीकडे पुण्याची संकुलंही यात आली. अर्जुन पुरस्कार विजेते काका पवार यांच्या पुण्यातल्या संकुलात मराठवाड्यातली कितीतरी पोरं घडली.

तालमीचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. आधी जोर-बैठका, मग हौदातली माती फावड्याने उकरून सारखी करायची. या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घातलेला असतो, त्यामुळे ती मऊ राहते आणि खरचटलं तरी चिघळत नाही. मग लढती. थोरला मल्ल धाकट्याला अंगावर घेतो, पट काढायला लावतो, सुटायला लावतो. वस्ताद कडेला बसून फार बोलत नाहीत. चुकलं की काठीचं टोक जिथे लागतं, तिथे चूक आहे हे पोराला कळतं. उन्हं वर आली की कुंडीत बदाम घोटायचे, थंडाई करायची, जेवायचं, झोपायचं आणि दुपारनंतर पुन्हा मेहनत. संध्याकाळचा स्वयंपाक पाळीपाळीने पोरंच करतात.

या व्यवस्थेचं मोठेपण मान्य करायलाच हवं. वसतिगृह, व्यायामशाळा आणि गुरू या तिन्ही गोष्टी तिने गरीब घरच्या पोराला फारच कमी पैशांत दिल्या. याचा पाया राजर्षी शाहू महाराजांनी घातला. रोमचा जुना आखाडा पाहून आल्यावर त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधायला घेतलं आणि १९१२ साली ते खुलं झालं. मैदानाचा मध्य खोलगट आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे हजारोंच्या गर्दीत शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हौद दिसतो. राजाश्रय गेला, तरी पैलवान पोसणं ही गावाची आणि जिल्ह्याची जबाबदारी आहे ही भावना टिकली. पुढे ती साखर कारखान्यांनी उचलली. कागलच्या शाहू साखर कारखान्यासारख्या संस्थांनी मल्लांना मानधन दिलं आणि स्पर्धा भरवल्या.

मातीचा बाजार

पहिली खरी कमाई जत्रेत होते. गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेच्या पुढेपर्यंत दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव यात्रा असतात, आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचं मैदान आलंच. त्याखेरीज वारणानगर, कुंडल यांसारखी नावाजलेली मैदानं वर्षातल्या ठरलेल्या दिवशी भरतात. महिनाभर आधी पत्रकं छापून येतात. एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची, तीन नंबरची. प्रत्येकीसमोर दोन मल्लांची नावं, रक्कम आणि ती देणाऱ्याचं नाव. देणारा पुढारी असतो, पतसंस्था असते, बांधकाम व्यावसायिक असतो किंवा वडिलांच्या स्मरणार्थ रक्कम लावणारा एखादा बागायतदार. मोठ्या मैदानात एक नंबरच्या कुस्तीवर लाखांत इनाम असतं. छोट्या गावात ते काही हजारांवर थांबतं.

लहान कुस्त्या मैदानातच ठरतात. दोन पोरं हात धरून उभी केली जातात, पंच दोघांचं अंग, उंची, मान बघतात आणि जोड बसली की हलगीवर काठी पडते. जिंकलेलं पोरगं फेटा बांधून मैदानाला फेरी मारतं आणि लोक हातावर दहा-वीस-पन्नासच्या नोटा ठेवतात. ही फेरीच अनेकांच्या महिन्याच्या खुराकाची तजवीज असते. माइकवरचा निवेदक कुस्तीइतकाच महत्त्वाचा. शंकर पुजारी यांच्यासारख्यांनी मल्लाचं गाव, वस्ताद, आधीच्या कुस्त्या सांगत निवेदन ही वेगळी कला केली. अनोळखी पोराचं नाव पंचक्रोशीत पोचतं ते या माइकमुळे, आणि आता यूट्यूबवर चढणाऱ्या चित्रफितींमुळेही.

मल्लाची रक्कम वजन, किताब आणि गर्दी खेचण्याची ताकद यांवर ठरते. तंत्र त्यानंतर येतं. एक नंबरच्या कुस्तीला लोकांना दोन पहाड भिडताना बघायचे असतात. आयोजक पंजाब, हरियाणा, दिल्ली, कधी थेट इराणहून मल्ल आणतात आणि त्यांच्याशी जोड लागायची तर आपलाही मल्ल तेवढाच धिप्पाड लागतो. ५७ किलोचं अत्यंत चपळ पोरगं फारतर मधल्या कुस्त्यांत लढतं आणि टाळ्या घेऊन जातं.

मातीच्या बाजाराची दुसरी बाजूही आहे. पत्रकावरचा आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांत फरक असतो, ही तक्रार जुनीच आहे. कुस्ती लांबली की ती बरोबरीत सोडवून इनाम वाटून दिलं जातं. अधूनमधून नूरा कुस्तीची, म्हणजे निकाल आधीच ठरलेल्या कुस्तीची, कुजबूज होते. करारपत्र नाही, विमा नाही. भर मैदानात गुडघा गेला तर दवाखान्याचा खर्च बापाचा. करोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जत्राच भरल्या नाहीत, तेव्हा कित्येकांचा खुराकाचा पैसा एका झटक्यात बंद झाला आणि मल्ल शेतमजुरीला लागले.

गदेचा मान आणि गदेचं ओझं

मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कुस्तीगीर परिषदेने १९६१ साली औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा घेतली. दिनकर दह्यारी पहिले मानकरी. त्यानंतर गणपत खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार अशी पिढी झाली. सलग तीनदा गदा जिंकणारे दोघं, नरसिंग यादव आणि विजय चौधरी, अलीकडचे. गादी (मॅट) आणि माती अशा दोन विभागांतले विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात, ही या स्पर्धेची खासियत.

गदेमुळे मल्लाचा बाजारभाव एका रात्रीत बदलतो. २०२३ च्या जानेवारीत पुण्याला शिवराज राक्षे विजेता झाला, तेव्हा गदेसोबत थार गाडी आणि पाच लाख रुपये होते. पण खरी कमाई पुढे असते. जत्रांतली रक्कम वाढते, सत्कार होतात, सरकारी नोकरीचा रस्ता मोकळा होऊ शकतो. विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले ते याच वाटेने. वर्षाला एकच माणूस या वाटेवर चढतो, बाकीचे सगळे तिच्यासाठी वजन वाढवत राहतात.

सगळं एकाच लढतीवर आलं की तिच्यावरचा ताणही तेवढाच वाढतो. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून मैदानात जे झालं, त्यानंतर दोन अव्वल मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. बेशिस्तीचं समर्थन कुणी करणार नाही. पण गाडी, नोकरी आणि पुढच्या पाच वर्षांची कमाई एका पंचाच्या शिट्टीवर टांगलेली असेल, तर वाद वाढणारच.

त्यात संघटनांची फाळणी. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ ला पुन्हा तेच. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि पुढच्याच महिन्यात कर्जतला वेताळ शेळके. मल्ल चौघेही तोलामोलाचे, पण किताब दोन झाले की दोन्हींचं वजन घटतं आणि कुणाचं प्रमाणपत्र नोकरीला चालणार, हा प्रश्न पोराच्या मानगुटीवर बसतो. राष्ट्रीय पातळीवरही चित्र फार वेगळं नव्हतं. जागतिक संघटनेने २०२३ च्या ऑगस्टमध्ये भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केलं आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल तिरंग्याविना उतरले.

गादीची वेगळी गणितं

मातीत चितपट करणं हाच निकाल. पाय मातीत रुततात, कुस्ती सावकाश चालते, जांघ्याला हात घालता येतो, दम आणि वजन यांना किंमत असते. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पट काढून ताबा मिळवला की दोन गुण, रिंगणाबाहेर ढकललं की एक, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. कपडा धरला की चूक. इथे पहिल्या सेकंदापासून वेग लागतो. मातीत वाढलेल्या मल्लाला हा बदल अंगवळणी पडायला वर्षं जातात. खाशाबा १९४८ साली लंडनला गेले तेव्हा त्यांनाही गादी नवखीच होती, तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ५७ किलोच्या गटात खाशाबांनी कांस्यपदक आणलं. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे ६२ किलोत चौथे आले, हे मात्र फारच थोड्यांना आठवतं. दोघंही हलक्या वजनाचे.

त्यानंतर महाराष्ट्राने मोठे मल्ल दिले नाहीत असं नाही. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, गणपतराव आंदळकर १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला गेले, कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, दादू चौगुले यांनी १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. पण ऑलिंपिकच्या जड गटांत रशिया, इराण, जॉर्जिया, अमेरिका यांच्या मल्लांसमोर आपली उंची आणि हाडपेर कमी पडतं. अलीकडची मोठी आंतरराष्ट्रीय पदकंही तुलनेने हलक्या गटांतली. बीडच्या राहुल आवारेने २०१८ ला राष्ट्रकुल सुवर्ण ५७ किलोत आणि २०१९ ला जागतिक कांस्य ६१ किलोत घेतलं, तर मुंबईत वाढलेल्या नरसिंग यादवने २०१५ ला जागतिक कांस्य ७४ किलोत. नरसिंगला तीन गदाही मिळाल्या, पण तो अपवाद. खाशाबांनंतर ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक आणणारा महाराष्ट्राचा पुढचा खेळाडू ७२ वर्षांनी, २०२४ ला आला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. तो नेमबाज आहे. कुस्तीच्या बालेकिल्ल्यातून पुढचं पदक आलं ते बंदुकीने.

हरियाणात पोरगं लहानपणापासून गादीवर आणि नेमक्या वजनगटात वाढतं. दहाव्या वर्षी सुरुवात केल्यापासून आपल्या अंगयष्टीला साजेसा गट ते पुढेही धरून ठेवतं. आपल्याकडे सतरा-अठराचा ६५ किलोचा चांगला मल्ल असतो, तेव्हा घरचे, गावचे आणि आयोजक एकमुखाने सांगतात, वजन वाढव. पुढच्या तीन-चार वर्षांत तो ९० किलोचा होतो. गदेच्या रांगेत तो पन्नासावा असतो आणि ६५ किलोत ज्या राष्ट्रीय संघात त्याला जागा मिळू शकली असती, तो संघ केव्हाच पुढे निघून गेलेला असतो.

अठरा ते पंचवीस

कारकिर्दीतला सगळ्यात नाजूक काळ हाच. खुराक आणि दुखापती दोन्ही याच वयात सर्वाधिक, आणि कमाई मात्र सर्वात अनिश्चित. साध्या बाजारभावाने हिशेब मांडला तरी चित्र दिसतं. दिवसाला तीन लिटर दूध, शंभर ग्रॅम बदाम, शंभर ग्रॅम तूप, अंडी, मटण किंवा चिकन आणि फळं धरली तर रोजचे पाचशे रुपये सहज जातात. महिन्याचे पंधरा हजार. त्यात बूट, प्रवास, मसाज, गुडघ्याची पट्टी. दोन एकर उसाच्या किंवा दोन म्हशींच्या घराला हा खर्च सात वर्षं चालवायचा म्हणजे बाकी भावंडांच्या वाट्याचं बरंच काही तालमीकडे वळतं. झटपट अंग भरण्यासाठी इंजेक्शनांचा मोह होतो तो याच दडपणातून.

शिक्षण बाजूला पडतं ते इथेच. महाविद्यालयात नाव असतं, कारण विद्यापीठ स्पर्धांसाठी ते लागतं. पण परीक्षेच्या वेळी पोरगं मैदानात असतं. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि पोलीस भरतीत पैलवानांना त्याचा मोठा आधार आहे. रेल्वे आणि सैन्यदलाची दारंही अनेकांनी गाठली. खाशाबा स्वतः १९५५ साली पोलीस उपनिरीक्षक झाले होते. पण आरक्षणाला प्रमाणपत्र लागतं, ते अधिकृत स्पर्धेतल्या पदकाने मिळतं, आणि जत्रेत जिंकलेल्या शंभर कुस्त्यांची त्या कागदात कुठेच नोंद नसते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून पडताळणी कडक झाली, तिचा फटका खऱ्या खेळाडूंनाही बसतो.

मुलींची वाट

मुलींनी या सगळ्यात एक वेगळाच रस्ता काढला. निवासी तालमी पुरुषांच्याच असल्याने आणि जत्रेच्या मातीवर त्यांना परंपरेने जागाच नसल्याने त्या थेट शाळा-महाविद्यालयांच्या गादीवर आल्या. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी पहिली विजेती ठरली. आता अनेक मैदानांत मुलींच्या कुस्त्या लावल्या जातात आणि त्यांना चांगली रक्कमही मिळते. हे स्वागतार्हच. पण मुलींच्या बाबतीतही सगळा पैसा एकाच खुल्या गटाच्या किताबामागे लागला, तर पोरांच्या बाबतीत झालेली चूक त्यांच्याही वाट्याला येईल. साक्षी मलिकचं पदक ५८ किलोचं होतं.

शड्डू थांबल्यावर

तिशीच्या आसपास कारकीर्द उतरणीला लागते. कान मोडलेले, गुडघा कुरकुरणारा, भूक मात्र तीच. मेहनत बंद झाली आणि खाणं तसंच राहिलं की वजन, साखर, रक्तदाब यांचा ससेमिरा लागतो. ज्यांना नोकरी लागली ते सावरतात. काही जण गावाकडे तालीम काढून वस्ताद होतात, आणि नवी पिढी घडते ती त्यांच्याच हातून. काही जण राजकारणात शिरतात. गावात पैलवानाच्या शब्दाला अजूनही वजन आहे. उरलेल्यांपैकी अनेकांना पुढाऱ्यांचे अंगरक्षक, कारखान्याच्या गेटवरचे रखवालदार किंवा जमिनीच्या व्यवहारांतले मध्यस्थ व्हावं लागतं. शरीर हीच पुंजी असलेल्या माणसाला बाजार तेवढ्याच कामांना बोलावतो.

किताब मिळवलेल्या जुन्या मल्लांना राज्य सरकार मानधन देतं. २०२३ च्या जानेवारीत पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीच्या व्यासपीठावरून त्यात मोठी वाढही जाहीर झाली. खाशाबांचा १५ जानेवारी हा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होऊ लागला. पण मानधन किताबाला मिळतं. किताब हुकलेल्या आणि तरी पंधरा वर्षं मातीत घालवलेल्या मल्लासाठी त्यात जागा नाही.

मग करायचं काय?

या खेळाला माणसं कमी पडत नाहीत, माया कमी पडत नाही आणि पैसाही आपण समजतो तितका कमी नाही. यात्रांमध्ये दर मोसमाला जो पैसा वाटला जातो, त्याची जागा चुकते. तो शिखरावरच्या जड मल्लांकडे जातो आणि मधल्या वयातल्या, हलक्या वजनाच्या मल्लाला कोरडं ठेवतो. सरकारी योजना त्याच उताराने वाहतात.

उपाय मोठे नाहीत. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत ५७, ६५, ७४ किलोच्या कुस्त्या होतातच. त्यांच्या विजेत्यांना खुल्या गटाइतकीच रक्कम आणि नोकरीतला तोच हक्क मिळायला हवा. अठरा ते चोवीस वयातल्या, राज्य पातळीवर पदक घेतलेल्या मल्लाला खुराकाचा मासिक भत्ता, त्याच्या शिक्षणाची हजेरी तपासूनच मिळावा. जत्रेत उतरणाऱ्या प्रत्येक मल्लाचा अपघात विमा जत्रा कमिटीने काढावा; लाखांच्या मैदानात तो खर्च पत्रकं छापण्याइतका. आणि गादीवरची स्पर्धा असो की मातीवरची, नोंद एकाच ठिकाणी व्हावी, म्हणजे जत्रेतल्या विजयालाही कागदावर किंमत येईल.

यातलं सरकारचं सरकार करेल तेव्हा करेल. पण जत्रा कमिटीला कुणाच्या परवानगीची गरज नाही. पुढच्या चैत्रात एखाद्या गावाने पत्रकावर ५७ किलोच्या कुस्तीसमोर एक नंबरच्या कुस्तीइतकीच रक्कम छापली, तर त्या पंचक्रोशीतल्या तालमींत हलक्या पोराला वजन वाढवायला सांगणारे वस्ताद दोन वर्षांत बोलणं बदलतील. पैशाची दिशा पैलवानाला लवकर कळते, कारण त्याचा खुराक तिच्यावर चालतो.